कामठ्याची फौज

लोकेंद्र पटलेचा धंदा रेडियमचा. गोंदियात बसस्टँडमागच्या गल्लीत एक चिमुकलं दुकान, दाराला लटकवलेल्या नमुन्याच्या नंबर प्लेटा, आणि आत मान खाली घालून ब्लेडनं अक्षरं कापत बसलेला हा. कुणाच्या जीपवर 'माँ का आशीर्वाद', कुणाच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर वाघाचे डोळे. गिऱ्हाईक उभ्या उभ्या हिंदीत घाई करायचं, हा 'हो रहा है भैया' म्हणायचा आणि आपल्याच चालीनं कापत राहायचा. संध्याकाळी दुकान बंद करून कामठ्याला घरी. घरी आई तुलसा, पुढं बायको ओमेश्वरी आली, आणि धानाच्या शेताच्या चार बांध्या. यात सांगण्यासारखं काही नव्हतं. बरं चाललं होतं. खुशाल ती पेटी घेऊन आला आणि तिथून पुढचं सगळं झालं.

खुशाल म्हणजे गोंदियातल्या रामलाल शेठचा एकुलता मुलगा. रामलाल शेठ तांदळाचे व्यापारी, घर सुखी, माणसं साधी. खुशाल आणि लोकेंद्र दहावीपर्यंत एका बाकावर बसले. पुढं खुशाल कॉलेजला नागपूरला गेला आणि लोकेंद्रनं ब्लेड हातात घेतलं. २००२ साली खुशाल परत आला तो पेटीत एक विलायती खेळ घेऊन. होस्टेलमधल्या कुणाच्या तरी मामानं तो तिकडून आणला होता. टेबलावर दोन फौजा मांडायच्या, टेपनं मोजून पुढं सरकवायच्या, फासे टाकून कोण मेलं आणि कोण जगलं ते ठरवायचं. एकेक शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढा. तोही अख्खा येत नाही; प्लास्टिकच्या चौकटीत धड वेगळं, हात वेगळे, डोकं वेगळं. कापा, चिकटवा, रंगवा, आणि मग लढा.

खुशालला लढायची हौस दांडगी, पण रंगवायला बसला की हात लटपटायचा. नागपूरला त्यानं काही शिपाई रंगवले होते. ते पाहून लोकेंद्रला हसू आलं नाही, कीव आली. एवढी बारीक नाकडोळ्यांची माणसं आणि त्यांना भिंतीला चुना फासावा तसा रंग फासलेला.

"हे धुवा लागते," तो म्हणाला.

शेजारच्या मेकॅनिककडून त्यानं वाटीभर ब्रेक ऑइल आणलं. शिपाई त्यात बुडवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशनं घासले. रंग सालपटासारखा निघाला आणि खाली कोरं करकरीत प्लास्टिक उरलं. खुशाल पाहतच राहिला. ही विद्या लोकेंद्रनं त्याला आपणहून दिली, शिपाई धरायचा कसा आणि ब्रश फिरवायचा कसा ते हाताला हात लावून शिकवलं.

मग दुकानातला सगळ्यात बारीक ब्रश घेऊन, त्याचेही निम्मे केस कापून, नंबर प्लेटच्या रंगात टर्पेंटाइन मिसळून त्यानं पहिला शिपाई रंगवला. डोळ्यांत बाहुली काढली. खुशालनं तो तळहातावर घेतला आणि उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. त्या दिवसापासून ठरून गेलं: प्लास्टिक खुशाल आणणार, माणसं लोकेंद्र करणार, आणि रविवारी दुपारी रामलाल शेठच्या गोदामात दोघं खेळणार.

त्याच साली रामलाल शेठ जगन्नाथपुरीला जाऊन आले. आता आमच्या या भागात, छत्तीसगडच्या हद्दीला लागून, मैत्रीलाही विधी असतो. पुरीचा वाळलेला भात आला की दोन्ही घरची वडीलधारी बसतात, नारळ, टिळा होतो, आणि दोघा मित्रांनी तो भात एकमेकांच्या तोंडात घालायचा. त्या दिवसापासून ते एकमेकांचे महाप्रसाद. मग मरेपर्यंत एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, महाप्रसाद म्हणूनच हाक मारायची. अरे-तुरे बंद. त्याची आई ती याची आई. महाप्रसादानं काही मागितलं तर कशाला म्हणून विचारायचं नाही, आणि महाप्रसाद दारातून उपाशी गेला तर त्या घराला पाप. सख्ख्या भावाशी वाटण्या होतात, कोर्टकचेऱ्या होतात. महाप्रसादाशी भांडण नसतंच. तुलसानं आणि खुशालच्या आईनं, सुशिलाबाईंनी, हौसेनं हा विधी करून टाकला. दोन थोराड पोरं कालपर्यंत एकमेकांना शिव्या देत होती, ती आज 'महाप्रसाद, तुमी बसा' म्हणू लागली. लोकेंद्रला सुरुवातीला लाज वाटायची. पण मनातून तो सुखावला होता. त्याला भाऊ नव्हता.

फौजेत कामठा शिरलं ते कोतवाल टिकारामामुळं. रविवारी सकाळी लोकेंद्र ओसरीवर शिपाई रंगवत बसला होता. टिकाराम आला, काठी भिंतीला टेकवली, वाकून पाहिलं.

"हा कोन होय गा?"

"शिपाई होय, काका."

"हा त इंग्रज दिसते. याले इकडे कोन ओरखते?"

बोलून टिकाराम चालता झाला, पण लोकेंद्रच्या डोक्यात ते घर करून बसलं. खरंच, कुणासाठी लढायचं या लोकांनी? त्यानं ब्लेड घेतलं. शिपायाचं शिरस्त्राण तासून काढलं आणि एम-सीलची बारीक वळी करून त्या डोक्यावर लाल पटका बांधला. टिकारामचा डावा गुडघा जुन्या दुखण्यानं वाकलेला. शिपायाचा पाय गुडघ्यात कापून तसाच वाकवून चिकटवला. कोतवालाची काठी होती तिचा भाला झाला. आठ दिवसांनी टिकाराम आला आणि त्यानं तो शिपाई पाहिला. म्हातारा ओसरीवर बसलाच. "हा त मीच होय," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पटका बरोब्बर बांधलास. पन भाला थोडा लांब पायजे होता."

पाहता पाहता गावभर झालं. मग काय, रविवारी पटलेच्या ओसरीवर दवाखान्यासारखी गर्दी. चुन्नीलाल शिंपी सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटतो, तो तिरंदाज झाला. डोळा मिटूनच नेम धरतो. निर्मलाबाई कंबरेवर हात ठेवून भांडते, तिला पहिल्या रांगेत उभी केली, तशीच, कंबरेवर हात ठेवून. तिच्या हातात लोकेंद्रनं बिगुल दिलं तेव्हा ती म्हणाली, "बिगुल कायले? मी बोललो त नाही पुरत का?" गावात कुणाला ते खोटं वाटलं नाही. कुणाला मिशी जाड पाहिजे, कुणाला ढाल. दुलीचंद नावाचा एक होता, त्याला घोडाच पाहिजे होता, आणि घोडा एकच होता, तेव्हा तो रुसून बसला आणि वर्षानुवर्षं फौजेबाहेर राहिला. तुलसा म्हणाली, "मी कायले लढू?" म्हणून तिला त्यानं मागच्या रांगेत पाण्याची घागर घेऊन उभी केली.

आणि तो एकमेव घोडा? त्यावर खुशाल. सेनापती. लोकेंद्रनं आपलं सगळं कसब त्या एका माणसात ओतलं. खुशालच्या हनुवटीवरची खोक सुद्धा त्यानं सुईच्या टोकानं काढली होती.

अशी वर्षं गेली. गोदामात बारदान्याच्या थप्प्यांवर प्लायवूड टाकायचं, धानाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून त्याचं गवत पसरायचं आणि दुपार घालवायची. कामठ्याची फौज खुशाल चालवायचा, कारण नियमांचं इंग्रजी पुस्तक त्याला पाठ. गोऱ्यांची फौज लोकेंद्रकडे. तो मुद्दाम हरायचा असं मी म्हणणार नाही, पण आपल्याच आईवर फासे टाकायला कुणाचा हात चालेल? सोमवारी सकाळी दुकानाला निघाला की पारावरून हाक यायची, "लोकेंद्र, जिंकलो का गा आपन?" लोकेंद्र हसून मान हलवायचा. या माणसाला आयुष्यात कुणी एवढ्या आवडीनं काही विचारलं नव्हतं. त्याच्या साऱ्या जन्माची कमाई म्हणाल तर ती फौज होती.

२००९ साली खुशाल नागपूरला गेला. बापाच्या धंद्याचं ऑफिस तिकडं टाकलं, लग्न होऊन बायको रुची आली होती, तिलाही शहर हवं होतं. जायच्या आधी तो कामठ्याला जेवायला आला. जेवण झाल्यावर म्हणाला, "महाप्रसाद, फौज मी संगं नेऊन राहिलो. नागपूरले मोठे मोठे खेळनारे आहेत. तुमचं काम पाहातील त खुळे होतील."

लोकेंद्रला द्यावंसं वाटेना. पण महाप्रसादानं मागितलं होतं. "न्या ना," तो म्हणाला. "तुमचीच होय."

आतून ओमेश्वरीनं खूण केली. लोकेंद्र आत गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "का जी, देऊन कायले राहिले? थे वापस येत नाही."

"महाप्रसाद होय थो माहा."

"होय त होय. मले का म्हनाचं आहे," ती म्हणाली, आणि भांडी घासायला निघून गेली.

लोकेंद्रनं एकेक माणूस कापसात गुंडाळून मिठाईच्या खोक्यांत भरला. निघताना पारावरची मंडळी खुशालच्या गाडीपर्यंत आली. टिकारामनं खोक्याकडं पाहून हात जोडले. आपणच आपल्याला निरोप देत होता बिचारा.

मग फोन सुरू झाले. लोकेंद्र विचारायचा, फौज कशी आहे. खुशाल म्हणायचा, "एकदम मस्त. काचेच्या आलमारीत ठेवलो. लोक येऊन येऊन पाहून राहिले." लोकेंद्र हे पारावर सांगायचा. चुन्नीलाल म्हणायचा, नागपूरले गेलो तरी कामठ्याचेच. निर्मलाबाईनं तर माहेरी देवरीला जाऊन सांगितलं की माझी मूर्ती नागपूरला काचेत आहे. टिकाराम दर वेळी एकच विचारायचा: पटका लालच आहे ना? ऊन लागून फिका झाला असेल. लोकेंद्र पुढच्या फोनला विचारायचा आणि खुशाल सांगायचा, "लाल आहे, लाल आहे."

दीड-दोन वर्षं अशी गेली. इकडं दुलीचंदचा रुसवा संपला. घोडा नसला तरी चालेल, पण मला घे, म्हणून तो लोकेंद्रच्या मागं लागला. लोकेंद्रकडं एक धड उरलं होतं. त्यातून त्यानं दुलीचंद केला, काडीपेटीत ठेवला, आणि हा आपण स्वतःच नेऊन फौजेत उभा करू, असं ठरवून सकाळच्या गाडीनं नागपूरला गेला. आधी कळवलं नाही. भावाच्या घरी जायला कळवायचं कशाला?

दार रुचीनं उघडलं. खुशाल बाहेर गेला होता. तिनं आदरानं बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. दिवाणखान्यात काचेची आलमारी होती. लोकेंद्र तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

आत निळी माणसं होती. सगळी एका रंगाची, निळीशार, चकचकीत. डोक्याला सगळ्यांच्या सारखीच लोखंडी शिरस्त्राणं. काम सफाईदार होतं, कुणीतरी पंपानं रंग मारला होता. लोकेंद्रला आधी वाटलं, ही दुसरी फौज असेल. आपली आतल्या खोलीत असेल. तो उगाच पाहत राहिला. आणि मग त्याला पहिल्या रांगेत एक शिपाई दिसला, त्याचा एक हात कंबरेवर होता.

तो काचेजवळ वाकला. त्यानं नजर फिरवली. तिकडं एकाचा डावा गुडघा वाकलेला. एकाचा खांदा धनुष्याकडं झुकलेला. मागच्या रांगेत एकजण घागर धरल्यासारखे हात करून उभा होता आणि त्या हातांत घागरीऐवजी ढाल अडकवली होती. पटके, पदर, चेहरे, सगळं गेलं होतं, डोकीच नवी बसवली होती. पण माणसं उभी कशी राहतात ते लोकेंद्रनं कापून, वाकवून, चिकटवून केलं होतं, ते तेवढं कुणाला काढता आलं नव्हतं. निळ्या रंगाखाली अख्खं कामठा उभं होतं आणि त्यानं एकेकाला ओळखलं.

मध्यभागी घोडा होता. घोड्यावर खुशाल, जसाच्या तसा. हनुवटीवरच्या खोकेसकट.

चहा निवला. खुशाल आला, लोकेंद्रला आलमारीपुढं पाहिलं आणि क्षणभर दारातच थांबला. मग हसत पुढं आला. "अरे वा, महाप्रसाद! कवा आले?"

"हे का होय?" लोकेंद्रनं विचारलं.

खुशाल बसला. मग त्यानं सांगितलं. सांगताना बराच वेळ हसत होता. इथं एक मंडळ आहे खेळणाऱ्यांचं, सगळी इंजिनिअर पोरं. पहिल्या दिवशी कामठ्याची फौज मांडली तर ती पोरं खो खो हसली. 'ये क्या बारात लाए हो' म्हणाली. फौजेत बाई कशी, पटका कसा. सामन्यांत तर उतरताच येत नाही. शिपाई पुस्तकात जसा आहे तसाच दिसला पाहिजे, हा नियम. "मंग का करतो? ब्रेक ऑइलमंदी टाकलो. तुमीच त शिकवले होते."

"महिन्यामहिन्याले सांगत होते, काचेत आहे."

"काचेतच आहे ना," खुशाल म्हणाला. मग जरा चिडून, "आनि महाप्रसाद, प्लास्टिक त माहाच होता."

लोकेंद्रनं पुन्हा आलमारीत पाहिलं. प्लास्टिक त्याचं होतं हे खरंच होतं. आपलं काय होतं त्यात? ब्रेक ऑइलमध्ये सुटून गेलं ते. तरी एक गोष्ट त्यानं विचारली. "घोड्यावरचा काऊन नाही धुतला?"

खुशालनं आलमारीकडं पाहिलं. "सेनापतीले नियम नाही," तो म्हणाला.

रुचीनं ताट वाढलं. महाप्रसादाच्या घरून उपाशी उठायचं नसतं, म्हणून लोकेंद्र जेवला. काडीपेटी खिशातच राहिली. परतीच्या गाडीत त्याला रडू आलं नाही, राग आला, आणि रागाचीच भीती वाटली, कारण त्या रागाला कुठं जागाच ठेवलेली नव्हती. खुशाल नुसता मित्र असता तर कॉलर धरली असती.

गावात तो काही बोलला नाही. दुलीचंदला काडीपेटी परत दिली, म्हणाला, "थेथं जागा नाही उरली." ओमेश्वरीनं मात्र तोंड पाहूनच ओळखलं आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. ऐकून ती 'मी सांगलो होतो' असं म्हणाली नाही. "थे पयले आईले सांगा," एवढंच म्हणाली. लोकेंद्रला ते जमलं नाही. पारावर टिकारामनं पटक्याचं विचारलं की तो 'हाव काका' म्हणून पुढं जायचा आणि दिवसभर स्वतःचा तिरस्कार करायचा.

दिवाळीनंतर कामठ्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. मंडईला पाहुणे येतात, जावई येतात, महाप्रसाद तर येतोच. खुशाल आला. तुलसानं पाय धुवायला पाणी दिलं, ओसरीवर सतरंजी टाकली. बातमी लागताच पारावरची मंडळी जमली, कारण त्यांचा सेनापती आला होता. लोकेंद्र खांबाला टेकून उभा होता. अजूनही त्याची एकच इच्छा होती: खुशालनं एकदा तोंडानं सांगावं, मी चुकलो. एवढं म्हणाला असता तर यानं सगळं पोटात घातलं असतं.

"का जी सेठ, आमी कसे आहो नागपूरले?" चुन्नीलालनं विचारलं.

"एकदम राजे आहा," खुशाल म्हणाला. "लोक लाइन लावून पाहातेत."

निर्मलाबाईनं पदर सावरला. टिकाराम काठीवर भार देऊन पुढं झुकला. त्याला आता नीट दिसत नव्हतं. "आनि माहा पटका? लाल आहे ना अजून?"

खुशालनं लोकेंद्रकडं पाहिलं, सरळ डोळ्यांत, आणि म्हणाला, "लालभडक आहे, काका. दुरून दिसते."

"खुशाल," लोकेंद्र म्हणाला, "तू खोटा बोलून राहिला."

मंडईतला लाऊडस्पीकर तेवढा वाजत होता. मग लोकेंद्र थांबलाच नाही. ब्रेक ऑइल, निळा रंग, शिरस्त्राणं, हसणारी पोरं, घागरीच्या जागी ढाल, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याला वाटलं होतं, आता लोक खवळतील. निर्मलाबाई तरी कंबरेवर हात ठेवील. पण सगळे खुशालकडं नव्हे, त्याच्याकडं पाहत होते.

"नाव घेतलास?" तुलसा म्हणाली.

"आई, यानं का केला थे आयकलीस का?"

"महाप्रसादाचा नाव घेतलास! तोंडावर! तू म्हनलास थ्याले!"

"खेरन्यापायी गा?" चुन्नीलाल म्हणाला. "प्लास्टिकच्या खेरन्यापायी?"

लोकेंद्रनं टिकारामकडं पाहिलं. त्याच्यासाठीच तर तो बोलला होता. म्हातारा काठी चाचपत उठला. "रंग धुतला त धुतला, लोकेंद्र," तो म्हणाला. "मी त इथं जित्ता आहो ना. पन नाव घ्याले नोको होता तू."

खुशाल उठला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे होते असंही म्हणवत नाही. अपमान त्याचाही झालाच होता. त्यानं तुलसाचे पाय धरले आणि न जेवता निघून गेला. महाप्रसाद दारातून उपाशी गेला. यापुढं निळ्या रंगाची गोष्ट कोण ऐकणार?

तुलसानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. मग सांगितलं, नारळ घेऊन गोंदियाला जा, प्रसाद पुन्हा भरव, चूक कबूल कर. तोवर माझ्याशी बोलू नको. लोकेंद्र अडून बसला. महिनाभर अडला. पारावरून हाक येणं बंद झालं होतं. दुलीचंदच तेवढा भेटला की खिशातली काडीपेटी दाखवायचा, "आपली फौज आता मी एकटाच," आणि हसायचा. लोकेंद्रला हसता येत नव्हतं. खुशालनं रंग काढला ते दुःख एक होतं, आणि ज्यांचा रंग काढला त्यांनीच पाठ फिरवली हे दुसरं. हे दुसरं त्याला जास्त झोंबत होतं. शेवटी आईचं वाळलेलं तोंड पाहवेना आणि तो नारळ घेऊन निघाला.

रामलाल शेठच्या बैठकीत दोन्हीकडची चार माणसं होती. खुशाल मुद्दाम नागपूरहून आला होता. लोकेंद्रनं नारळ ठेवला, टिळा लावला, भाताचे दाणे खुशालच्या तोंडात घातले आणि खाली पाहून म्हणाला, "महाप्रसाद, माह्या तोंडून चूक झाली."

खुशालनं त्याला उठवून छातीशी धरलं. लोकेंद्र थांबला. आता कानाजवळ तोंड आहे, कुणाला ऐकू जाणार नाही, आता तरी हा एक शब्द बोलेल, असं त्याला वाटलं. त्या एका शब्दासाठी तो जरा जास्तच वेळ तसा राहिला.

"मनात नका ठेवू," खुशाल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी कवाच माफ केलो."

सुशिलाबाईंनी डोळे पुसले. रामलाल शेठ म्हणाले, याला म्हणतात मन. फौजेचा विषय कुणी काढला नाही. पंगत बसली, लोकेंद्रला आग्रहानं वाढलं, तो खाली मान घालून जेवला आणि उजेड असतानाच कामठ्याला परतला.

ओमेश्वरी दारातच उभी होती.

"जेवले का?"

"जेवलो."

"मंग? का म्हनले थे?"

"माफ केलो म्हने."

"कोनाले?"

लोकेंद्र वाकून चपला काढत होता.

"मले," तो म्हणाला.